मराठी टायपिंगच्या ऑफिसात नव्या डेस्कटॉपवर आधी काय टाकावं?

प्रश्न थोडक्यात असा: नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये जिल्हा न्यायालयाजवळ एका ताईंचं टायपिंग आणि ड्राफ्टिंगचं छोटं ऑफिस आहे. नवा डेस्कटॉप घेतलाय. विंडोज 11, 8 जीबी रॅम, 256 जीबीची एसएसडी. दिवसभर शपथपत्रं, भाडेकरार, वारसाचे अर्ज, नोटिसा. अर्धं काम मराठीत, अर्धं इंग्रजीत. सोबत स्कॅनर आहे. "दादा, कोणती अ‍ॅप्स टाकू म्हणजे काम लवकर उरकेल? विकत घ्यायला सध्या पैसे नाहीत," असं त्यांनी विचारलंय.

ताई, तुमच्यासारख्या ऑफिसांची मशिनं मी 19 वर्षांपासून बघतोय. त्याच्या आधी महाल भागात डीटीपीचं, म्हणजे संगणकावर छपाईची पानं जुळवण्याचं काम केलं, त्यामुळे दोन्ही बाजू ठाऊक आहेत. यादी लगेच देता येईल, पण आधी एक काम करा. दोन दिवस टेबलावर एक कोरा कागद ठेवा आणि हात जिथे जिथे अडेल तिथे एक रेघ ओढा. मी हे बऱ्याच ऑफिसांत करून घेतलंय. रेघा टायपिंगपाशी फारशा पडत नाहीत, तुमचा हात चालताच असतो. त्या पडतात शोधण्यापाशी. "मागच्या महिन्यात त्या काकाजींचं शपथपत्र केलं होतं ना, ते कुठे आहे?" पक्षकार समोर खुर्चीत बसलेला, वकीलसाहेबांचा फोन चालू, आणि आपण एकामागून एक फोल्डर उघडतोय. म्हणून मी सुचवणार आहे ती साधनं जवळजवळ सगळी एकाच कामाची आहेत: केलेलं काम दुसऱ्यांदा करावं लागू नये.

त्यासाठी पहिली गोष्ट कुठलं अ‍ॅप नाही. मराठी युनिकोडमध्येच टाइप करा, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला सगळ्या मशीनवर एकच ठरलेला कोड असतो त्या पद्धतीत. तुम्ही म्हणाल, यात नवीन काय? पण कोर्टाच्या आसपासच्या टायपिंगच्या दुकानांत आजही कृतिदेव किंवा डीव्हीबी वळणाच्या फॉन्टमध्ये रोज कागद तयार होतात. कागदावर ते सुबक दिसतात. मशीनच्या पोटात मात्र तिथे मराठी नसतंच. करून बघा: कृतिदेवमध्ये "भारत" लिहिलेला शब्द निवडा आणि फॉन्ट बदलून एरियल करा. समोर रोमन लिपीतली एच, के, के, जे, आर ही पाच अक्षरं येतील. मशीनला तेवढंच माहीत असतं. मग "भारत" म्हणून शोधलं तर सापडणार कसं? जगातलं कुठलंही शोधायचं अ‍ॅप टाका, त्या फाइलीत त्याला मराठीचं एक अक्षर दिसणार नाही.

हे मी दुखऱ्या अनुभवातून सांगतोय. डीटीपीच्या काळात उमरेडकडचे एक म्हातारे गृहस्थ आले. काही वर्षांपूर्वी आमच्याकडूनच वाटणीपत्राचा मसुदा टाइप करून नेला होता, घरातली प्रत पावसात भिजली होती. मसुदा आमच्या हार्ड डिस्कवर होता, याची मला खात्री होती. सकाळी 10 पासून दुपारी 4 पर्यंत शोधला. गावाचं नाव टाकलं, आडनाव टाकलं, काही नाही. ते बिचारे बाकावर डबा मांडीवर घेऊन बसून राहिले. शेवटी त्यांच्या भिजलेल्या कागदावरून वाचत वाचत पुन्हा सगळं टाइप केलं. पुढच्या आठवड्यात दुसरंच काही शोधताना ती फाइल मिळाली. नाव होतं "नवीन फायनल 2" आणि आतला मजकूर जुन्या फॉन्टमध्ये. त्या माणसाचे सहा तास मी घेतले, ही बोच आजही जात नाही.

तर विंडोजच्या सेटिंगमध्ये भाषा म्हणून मराठी जोडा आणि तिच्या कीबोर्डांत "मराठी फोनेटिक" घ्या, म्हणजे इंग्रजी अक्षरांत उच्चार टाइप केला की मराठी उमटतं. भारतीय भाषांचे हे फोनेटिक कीबोर्ड विंडोजमध्ये 2019 साली आले. वेगळं काही डाउनलोड करावं लागत नाही. इन्स्क्रिप्ट, म्हणजे भारतीय भाषांसाठी ठरवलेली प्रमाण मांडणी, येत असेल तर सोन्याहून पिवळं, तोही तिथेच आहे. विंडोजचं बटण आणि स्पेसबार एकत्र दाबलं की भाषा बदलते. हात टाइपरायटरच्या मांडणीवर बसला असेल आणि त्या मांडणीवर मिनिटाला 40 शब्दांची परीक्षा दिली असेल, तर हात बदलू नका. त्याच मांडणीनं युनिकोड टाइप करू देणारी साधनं मिळतात. मराठी टायपिंगचं श्रीलिपी हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर तिच्या नव्या आवृत्त्यांतही युनिकोड आहे. आणि कागद हिंदी वळणाचा दिसतो म्हणून युनिकोड नको, असं कुणी म्हणालं तर त्यांना यशोमुद्रा किंवा शोभिका हे मोफत फॉन्ट दाखवा. यशोमुद्रा राज्य मराठी विकास संस्थेचा, शोभिका आयआयटी मुंबईचा. मराठी वळणाचा ल आणि श हवा असणाऱ्यांची त्यातून सोय होते.

जुन्या फाइली एकदम सगळ्या बदलायला बसू नका. जी फाइल पुन्हा उघडायची वेळ येईल तीच कन्व्हर्टरमधून, म्हणजे जुन्या फॉन्टचं युनिकोड करणाऱ्या साधनातून काढा, मूळ फाइल तशीच राहू द्या, आणि बदललेली डोळ्याखालून घाला. मध्येच इंग्रजी शब्द असेल तर साधा कन्व्हर्टर त्यालाही कृतिदेव समजून त्याचं अगम्य देवनागरी करून ठेवतो. पॅन क्रमांक, वाहनाचा क्रमांक, ईमेल, असे शब्द तर हमखास बिघडतात.

अजून एक बारकावा, जो सहसा कुणी सांगत नाही. "वऱ्हाड" हा शब्द युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एकात खाली नुक्ता असलेला ऱ घेऊन त्याचा पाय मोडतात. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडणारा कोड. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात, मशीनला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. ऑफिसात दोघी जणी वेगवेगळ्या कीबोर्डवर टाइप करत असतील, तर एकीनं केलेली "दुसऱ्या पक्षाची नोटीस" दुसरीला सापडणार नाही. सगळ्यांनी एकच कीबोर्ड वापरावा, हा माझा आग्रह त्यासाठीच असतो.

आता अ‍ॅप्स. एकच टाकायचं म्हटलं तर मी व्हॉइडटूल्सचं "एव्हरीथिंग" टाकीन. छोटंसं, मोफत, ऑफिसात वापरायलाही परवाना घ्यावा लागत नाही. विंडोजच्या डिस्कवर सगळ्या फाइलींच्या नावांचं एक कोष्टक मुळातच असतं. एव्हरीथिंग फोल्डर पालथे घालत बसत नाही, ते कोष्टकच वाचतं. म्हणून दहा लाख फाइलींची यादी तयार करायलाही त्याला साधारण मिनिटभर लागतं, आणि पुढे तुम्ही अक्षर टाइप करताय तोवर उत्तर समोर येतं. शब्दांचा क्रम कसाही चालतो. "भाडे धरमपेठ" लिहा की दोन्ही शब्द ज्या नावात आहेत त्या फाइली खाली. "बदललेली तारीख" या रकान्यावर क्लिक केलं की कालच्या फाइली वर.

पण हे फक्त नावं शोधतं, म्हणून नाव ठेवण्याची शिस्त तुमच्याकडून हवी. माझी पद्धत अशी: आधी तारीख, मग कागदाचा प्रकार, मग आडनाव, मग गाव किंवा वस्ती. "2025-06-16 शपथपत्र वारस ठाकरे काटोल". वर्ष आधी, मग महिना, मग दिवस, म्हणजे नावानुसार लावलं तरी तारखेनुसारच लागतात. आकडे कायम इंग्रजी ठेवा, कारण मशीनसाठी मराठी ७ आणि इंग्रजी 7 ही दोन वेगळी अक्षरं आहेत. आणि सातबारा? फाइलच्या नावात तिरपी रेघ विंडोज चालू देत नाही, त्यामुळे कुणी "7-12" लिहितं, कुणी "712", कुणी "सात बारा". एक ठरवा, "सातबारा" असं सलग, आणि ऑफिसातल्या सगळ्यांना तेच लिहायला सांगा. अशा शब्दांची यादी करून मॉनिटरच्या खाली चिकटवा: शपथपत्र की प्रतिज्ञापत्र, भाडेकरार की भाडेपत्र, वारस की वारसान. पंधरा-वीस शब्द पुरतात. ही चिठ्ठी नसेल तर एव्हरीथिंगचा निम्माच उपयोग होतो.

मजकुराच्या आत शोधायचं असेल, एखादा खसरा क्रमांक कुठल्या कागदात आलाय असं काही, तर विंडोजचा स्वतःचा शोध पुरतो. "इंडेक्सिंग ऑप्शन्स" मध्ये तुमच्या कामाचं फोल्डर जोडलेलं आहे ना एवढं बघून घ्या.

दुसरं, क्लिपबोर्ड, म्हणजे कॉपी केलेलं जिथे तात्पुरतं राहतं ती जागा. विंडोजचं बटण आणि व्ही दाबा. पहिल्यांदा ते चालू करायचं का विचारेल, हो म्हणा. त्यानंतर कॉपी केलेल्या शेवटच्या 25 गोष्टी तिथे राहतात. पक्षकाराचं नाव, वडिलांचं नाव, वय, पत्ता, धंदा असं एकामागून एक कॉपी करून घ्या आणि मग नव्या कागदात एकेक चिकटवा. दोन खिडक्यांमध्ये दहा वेळा जा-ये करायला नको. मशीन बंद करून चालू केलं की ही यादी पुसली जाते, पिन केलेलं तेवढं उरतं. यादी टिकायला हवी असेल आणि तिच्यात शोधायचं असेल तर "डिट्टो" टाका, तेही मोफत आहे. तुमच्या कामात मात्र मी विंडोजचंच वापरा म्हणेन. तुमच्या क्लिपबोर्डवरून दिवसभर आधार क्रमांक, बँकेचे खाते क्रमांक जात असतात. संध्याकाळी ते पुसले गेलेले बरे.

आता ज्यानं तुमचा सगळ्यात जास्त वेळ वाचेल ते. ठरलेला मजकूर. शपथपत्राची सुरुवात, "मी खाली सही करणार" पासून "सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की" पर्यंत, शेवटचं सत्यापन, भाडेकराराच्या नेहमीच्या अटी. बहुतेक जणी काय करतात? जुनी फाइल उघडतात, वेगळ्या नावानं सेव्ह करतात आणि नावं बदलतात. इथेच घात होतो. चौथ्या परिच्छेदात आधीच्या पक्षकाराचं नाव राहून जातं आणि कागद तसाच नोटरीपुढे जातो. त्याऐवजी कोरा मजकूर साठवून ठेवा. वर्डमध्ये मजकूर निवडून ऑल्ट आणि एफ 3 दाबा, त्याला छोटं नाव द्या. पुढे ते नाव टाइप करून एफ 3 दाबलं की पूर्ण मजकूर हजर. वर्डऐवजी लिब्रेऑफिस हे मोफत सॉफ्टवेअर वापरत असाल तर तिथे कंट्रोल आणि एफ 3 दाबून ऑटोटेक्स्टची खिडकी उघडते, आणि घालायला एफ 3 च. नावाच्या, वयाच्या, पत्त्याच्या जागी तीन चौकटी किंवा तीन फुल्या टाका. काम संपलं की कंट्रोल-एफ करून त्या फुल्या शोधा. एकही उरली नसेल तरच प्रिंट. हे मी शिकवलेल्या एका ताईंना वर्षभरात चुकीच्या नावाचा एकही कागद परत आला नाही, असं त्यांनी आवर्जून फोन करून सांगितलं होतं. मला त्या फोनचा फार आनंद झाला.

वर्डच्या बाहेरही, पोर्टलच्या फॉर्ममध्ये किंवा ईमेलमध्ये असा मजकूर हवा असेल तर "ऑटोहॉटकी" आहे. त्याची साधी टेक्स्ट फाइल लिहावी लागते, तेवढं कुणाकडून करून घ्या. दोन सूचना: जो टाइप केला की मजकूर उमटतो तो खुणेचा शब्द इंग्रजीत ठेवा, कारण मराठी कीबोर्ड चालू असताना तो नीट पकडला जाईलच असं नाही. आणि दुसरी आवृत्तीच घ्या. पहिल्या आवृत्तीत फाइल नीट सेव्ह केली नाही तर मराठीच्या जागी विचित्र चिन्हं उमटतात.

स्कॅनरसाठी "नॅप्स टू". स्कॅनरसोबत येणारं सॉफ्टवेअर बहुधा जड असतं, शिवाय दर कंपनीचं वेगळं. नॅप्स टू सगळ्यांशी बोलतं, पानं ओढून मागेपुढे करता येतात, उलटं आलेलं पान सरळ करता येतं आणि सगळ्याची एक पीडीएफ होते. त्याच्यात ओसीआर आहे, म्हणजे चित्रातला मजकूर ओळखणं. त्यामागचं इंजिन "टेसरॅक्ट". एचपीच्या प्रयोगशाळेत 1985 च्या सुमाराला सुरू झालेलं, 2005 साली सगळ्यांसाठी खुलं झालेलं. भाषांच्या यादीतून मराठी आणि इंग्रजी दोन्ही उतरवून घ्या, 300 डीपीआयवर स्कॅन करा. पान चित्रच राहतं, पण त्याच्यामागे शोधता येणारा मजकूर बसतो. छापील आदेश, अलीकडच्या नोटिसा चांगल्या वाचल्या जातात. हातानं लिहिलेला जुना फेरफार त्याच्याकडून वाचला जाणार नाही, ती आशा ठेवू नका. ध आणि घ, भ आणि म यांत त्याची गल्लत होते, म्हणून ओसीआरमधून उचललेलं नाव किंवा क्रमांक मूळ कागदाशी ताडल्याशिवाय दस्तात घालायचा नाही.

पीडीएफ जोडणं, तोडणं, आकार कमी करणं यासाठी "पीडीएफ 24" डेस्कटॉपवर उतरवून घ्या. आता कळकळीनं सांगतो. ई-फायलिंगच्या घाईत कुठल्या तरी मोफत वेबसाइटवर पक्षकाराचे कागद चढवून पीडीएफ लहान करून घेणं बंद करा. त्या कागदांत आधार असतं, सह्या असतात, कुणाच्या घटस्फोटाची हकिकत असते. त्या माणसानं ते तुमच्या हाती विश्वासानं दिलेलं असतं. तेच काम मशीनवर, इंटरनेट बंद ठेवूनही होतं. वाचायला "सुमात्रा पीडीएफ" ठेवा. आकारानं लहान आहे आणि 8 जीबीच्या मशीनवर चटकन उघडतं.

झिप आणि रार फाइलींसाठी 7-झिप. स्क्रीनचा फोटो काढायला विंडोज, शिफ्ट आणि एस, वेगळं काही नको. एकाच वेळी पन्नास फाइलींची नावं बदलायची असतील तर मायक्रोसॉफ्टच्याच "पॉवरटॉइज" मधलं पॉवररिनेम. जुन्या फाइलींना नव्या पद्धतीची नावं देताना कामी येईल. पासवर्डसाठी "कीपासएक्ससी". सगळे पासवर्ड एका कुलूपबंद फाइलीत आणि ती फाइल तुमच्याच मशीनवर. मॉनिटरवर पासवर्डच्या चिठ्ठ्या लावल्या असतील तर त्या आजच काढा, त्या जागी मघाची शब्दांची चिठ्ठी लावा.

परवान्याचंही बघा. मोफत मिळणारं प्रत्येक अ‍ॅप ऑफिसात मोफत नसतं. फोटो बघायचं इरफानव्ह्यू, डिस्कवरची जागा कशानं भरली ते दाखवणारं विझट्री, दुरून मशीन चालवायचं एनीडेस्क ही घरगुती वापरापुरती मोफत आहेत, धंद्यासाठी पैसे लागतात. 7-झिप, लिब्रेऑफिस, सुमात्रा, नॅप्स टू यांना अशी अट नाही. आणि सीताबर्डीवरून कुणी "सगळं टाकून देतो" म्हणून क्रॅक केलेलं ऑफिस टाकून देत असेल तर हात जोडून नाही म्हणा. क्रॅक चालण्यासाठी आधी अँटिव्हायरस बंद करावा लागतो, आणि सगळ्या फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणारे व्हायरस त्याच दारानं आत येतात. लिब्रेऑफिसमध्ये तुमचं सगळं काम होईल. फक्त दुसऱ्याकडे फाइल पाठवताना पीडीएफही सोबत द्या, म्हणजे त्यांच्याकडे पानं सरकणार नाहीत.

कामाच्या यादीचं, तारखांचं अ‍ॅप मी मुद्दामच सांगितलं नाही. कोर्टाच्या तारखांसाठी वकिलांची कागदी डायरी अजून उत्तम आहे. ती वीज गेल्यावर चालते, उभ्या उभ्या लिहिता येते आणि वकीलसाहेब, कारकून, तुम्ही सगळे तीच बघता. दोन ठिकाणी तारखा लिहायला लागलात की एक दिवस एक ठिकाण राहून जातं.

आणि बॅकअप. मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की आपल्याकडे वीज कधी झटका देईल सांगता येत नाही. यूपीएस नसेल तर अ‍ॅपच्या आधी यूपीएस घ्या. बजेट नाही म्हणालात तरी हा खर्च करा. वर्ड आपणहून दर 10 मिनिटांनी मजकूर जपून ठेवतं, ते 2 मिनिटं करा. मग एक बाहेरची हार्ड डिस्क घ्या आणि कंट्रोल पॅनेलमधलं "फाइल हिस्टरी" चालू करा. डिस्क जोडलेली असताना दर तासाला बदललेल्या फाइलींची प्रत ती ठेवते, जुन्या आवृत्त्यांसकट. म्हणजे चुकून परिच्छेद खोडून सेव्ह केलं तरी दुपारचा मसुदा परत मिळतो.

पण ती डिस्क कायम जोडलेली ठेवायची नाही. वीज कोसळली किंवा व्हायरस आला तर मशीनबरोबर तीही जाईल. दुपारी जेवायच्या वेळेला तासभर लावायची, काढून कपाटात ठेवायची. दुसरी एक डिस्क शनिवारी भरून घरी न्यायची. आणि महिन्याच्या पहिल्या शनिवारी त्या घरच्या डिस्कवरून कुठलीही एक फाइल परत काढून, उघडून, शेवटच्या पानापर्यंत वाचून बघायची. नवीन मशीनवर ही पहिली तपासणी येत्या शनिवारीच करा, एखादं भाडेकराराचं पान घेऊन. फाइल उघडली नाही किंवा मराठीच्या जागी चौकटी दिसल्या तर मशीन हलवू नका, मला कळवा. कोर्ट सुटल्यावर मी त्या बाजूलाच असतो.